सलग दहा जोड

डीजेवर बसणारा शुभम आता येणार नाही हे घरात सगळ्यात आधी दुर्गाबाईंना कळलं. साडेनऊला त्याच्या नावाचा चहा होत असे. त्या दिवशी दहा वाजले, चहावर साय धरली. दुर्गाबाईंनी ती बोटानं काढून टाकली आणि चहा स्वतःच पिऊन घेतला.

"येत नाई तो आता," त्या म्हणाल्या. "काल जाता जाता माह्या पाया पडला. उगाच कोनी पाया पडते का?"

विपुलनं, त्यांच्या मुलानं, फोन लावला. बंद. अकराच्या सुमाराला वामनरावांचाच फोन आला. वामनराव तालुक्याचे मंडपवाले. अर्ध्या गावांतली लग्नं त्यांच्या मंडपात लागत आणि त्यातल्या बऱ्याच वरातींच्या साउंडचं काम ते विपुलच्या घरी देत.

"शुभम गेला त्या नव्या साउंडवाल्याकडे," वामनराव म्हणाले. "आता तुमच्या मशिनीवर कोन बसते?"

"दुसरा मानूस पाहतो ना भाऊ."

"भर सीजनमधी मानूस भेटते का गा? पाय, बारा तारखेले सावरखेडची वरात आहे. थे चांगली वाजली तं पुढच्या सहा तारखा तुमच्या. नाई वाजली तं सहाच्या सहा मी त्याहीले देतो. मंग माह्या दारात येऊ नोका."

"काय म्हनते?" विपुलचे वडील खुशालराव विचारत होते. पस्तीस वर्षं भोंग्याजवळ आणि बॉक्सजवळ उभं राहून त्यांचा डावा कान पार गेला होता. उजव्याला थोडं यायचं. विपुलनं त्या कानाजवळ तोंड नेऊन सगळं ओरडून सांगितलं. खुशालरावांनी मान हलवली आणि शेडकडे गेले.

अकरा दिवस हातात होते. दोन एकर संत्र्याला मृग बहारासाठी ताण दिलेला होता. पाणी तोडून वीस दिवस झाले होते, पानं मिटून खाली वळली होती, रानात हात घालावा असं काही काम नव्हतं. पाऊस लागेपर्यंत घर चालायचं ते पत्र्याच्या शेडमधल्या सामानावर. बेसचे आठ बॉक्स, वरचे चार, जनरेटर, आणि फडक्याखाली झाकलेला कंट्रोलर. कंट्रोलर म्हणजे दोन गोल चकत्या आणि मधे सरकत्या बटणांच्या रांगा. शुभमनं लॅपटॉप नेला होता, तो त्याचाच होता. पण गाणीही त्यातच होती.

वरातीत गाणं थांबलेलं चालत नाही. एक संपायच्या आत दुसरं त्याच्यात मिसळावं लागतं आणि नाचणाऱ्याचा पाय अडखळता कामा नये. पुढचं गाणं आधी फक्त हेडफोनमधे ऐकायचं, त्याची चाल चालू गाण्याच्या चालीला आणायची, ठोक्यावर ठोका बसवायचा, मग एक हळूच खाली आणि दुसरं वर. शुभम याला जोड म्हणायचा. त्याची जोड लागली की पाहुण्यांना कळायचंही नाही गाणं कधी बदललं.

पहिले दोन दिवस विपुल बसला. त्याच्या जुन्या लॅपटॉपवर त्यानं मिळतील ती गाणी भरली. विपुल सहा फुटी. बेसचा बॉक्स एकटा उचलायचा. मशीन जळायच्या आधी त्याला वास यायचा. पण ठेका त्याच्या अंगात नव्हता. स्वतःच्या लग्नात तो नाचायला लागला तेव्हा मेहुण्यांनी त्याला धरून खुर्चीवर बसवलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी पिकअपचे ड्रायव्हर नत्थुजी शेडच्या दारात विडी विझवत उभे राहिले.

"इपुल, येक बैल वावरात आन् येक घराकडे चालला बापा."

"तुमी गाडी चालवा ना नत्थुजी."

"गाडीत गानं नसतं तं चालवली असती."

विपुलनं हेडफोन काढून टेबलावर आपटला. शुभमचा जुनाच होता तो, एक बाजू बंद पडलेली. आता दुसरीही पडली.

दामिनी, विपुलची बायको, दारात ताटल्या घेऊन उभी होती. तीन सीजन ती हे सामान पुसत होती, लॅपटॉप चार्जिंगला लावत होती. शुभम तिला कंट्रोलरला हात लावू द्यायचा नाही. "वैनी, सेटिंग बिघडते," म्हणायचा. ती मग ताटली ठेवून मागं उभी राहायची आणि त्याच्या हाताकडे पाहायची.

"मी पाहू का?" ती म्हणाली.

"काय?"

"बसून पाहू का?"

विपुलनं तिच्याकडे पाहिलं. मग उठून खुर्ची तिच्याकडे सरकवली. त्यात रागही होता थोडा. "बस. बस ना. आता तूच राह्यली होती."

दुर्गाबाई म्हणाल्या, "घरात बसन. पन वरातीत कोन बसन वो? बाईमानूस गाडीवर?"

"आधी घरात तं बसू द्या आत्याबाई," दामिनी म्हणाली.

तिसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं ती अमरावतीला गेली. तोंडाला स्कार्फ, पर्समधे पेनड्राइव्ह. स्टँडवरून ऑटो केला. साउंडच्या दुकानात काउंटरवरच्या माणसानं तिच्यामागे कोणी येतंय का म्हणून दाराकडे पाहिलं.

"हेडफोन पाहिजे. डीजेचा."

"भाऊसाठी?"

"माह्यासाठी."

त्यानं आधी मोबाइलचा दाखवला. तिनं तो बाजूला सारला. मग त्यानं मागच्या फळीवरचा जाड गादीचा काढला. तिनं तो तिथंच कानाला लावला, आतला आणि बाहेरचा आवाज एकदम ऐकू येतो का ते एक कान उघडा ठेवून पाहिलं. माणूस थोडा सरळ उभा राहिला. पेनड्राइव्हमधे गाणी भरून देताना म्हणाला, "ताई, कशाला त्रास घेता? सिंकचं बटन आहे ना. दाबलं का दोन्ही गान्याची चाल एक. आजकाल सगये तेच करतेत."

परतीच्या गाडीत उभं राहूनच यावं लागलं. मोर्शीच्या पुढं जागा मिळाली. तिनं पिशवीतला हेडफोन मांडीवर घेतला आणि वरूडपर्यंत बोटानं गुडघ्यावर मोजत राहिली. एक, दोन, तीन, चार.

शेडमधे दुपारी पत्रा तापून आवाज करायचा. ऊन पंचेचाळीसच्या वर गेलं होतं. दुर्गाबाईंनी दाराला ओलं पोतं बांधलं, दर अर्ध्या तासाला त्यावर तांब्या ओतायच्या. लॅपटॉपखाली विपुलनं दोन विटा ठेवल्या आणि बाजूला टेबलफॅन लावला. फॅन लॅपटॉपसाठी होता, दामिनीसाठी नव्हता. जाड गादीखाली तिचे कान घामानं भिजायचे. दोन-तीन दिवसांतच कानामागं पुरळ उठलं. ती रात्री तिथं खोबरेल लावायची आणि सकाळी पुन्हा हेडफोन चढवायची.

एकच बेस लावायचा, तोही हळू. तरी आवाज आळीत जायचाच. एका गाण्याचा शेवट आणि दुसऱ्याची सुरुवात, पुन्हा शेवट, पुन्हा सुरुवात.

नळावर एका बाईनं दुर्गाबाईंना विचारलं, "तुह्या सुनेले गानं पुरं येत नाई का वो? सुरूच करते, संपवतच नाई."

"संपवाले लोकं आहेत," दुर्गाबाई म्हणाल्या. "सुरू कराले कोनी नाई, म्हनून थे बसली."

पण घरी येऊन त्यांनी घागर जरा जोरात ठेवली.

सिंकचं बटण दाबलं की पडद्यावर दोन्हीकडे मिनिटाच्या ठोक्यांचा एकच आकडा यायचा. एकशे दोन, एकशे दोन. ठोक्याच्या खुणा एकाखाली एक उभ्या राहायच्या. तरी काहीतरी बिघडलेलं होतं. दामिनीला ते ऐकू यायचं, पण काय ते सांगता यायचं नाही. जोड लागायची आणि दोन्ही गाणी भरल्या बाजारासारखी एकमेकांवर ओरडायला लागायची.

"नत्थुजी, नाचून पाहता का?" तिनं पाचव्या दिवशी विचारलं.

"इथं? उन्हात?"

"वरात उन्हातच आहे."

नत्थुजींनी दुपट्टा कमरेला बांधला. पंचावन्नाच्या वर वय, पण तालुक्यातल्या वराती त्यांनी मागून पाहिल्या होत्या आणि कधी कधी स्टिअरिंग सोडून पुढूनही. ते शेडमधे चांगले नाचायला लागले. दामिनीनं दुसरं गाणं आत घेतलं. नत्थुजींचा उजवा पाय वर गेला आणि वरच राहिला.

"आता हा कुठं ठेवू? सांग."

विपुल हसला. दामिनी हसली नाही. "आकडा तं बरोबर आहे," ती म्हणाली. "पाहा ना, दोन्ही येकशे दोन."

खुशालराव कोपऱ्यात खाटेवर बसून बॉक्सच्या जाळीला काळा रंग देत होते. ते उठले. हाताचा रंग चिंधीला पुसला आणि तळवा बेसच्या लाकडावर ठेवला.

"पुन्हा कर," म्हणाले.

तिनं पुन्हा केलं. ते डोळे मिटून उभे होते.

"पुन्हा."

चार वेळा झाल्यावर त्यांनी डोळे उघडले. "टायी वाजव. पहिलं गानं लाव आन् टायी वाजवून येक-दोन मोज."

दामिनीनं गाणं लावलं आणि टाळी दिली. "येक," टाळी. "दोन." "तीन," टाळी. "चार."

"टायीवर येक म्हनते तू."

"मंग? टायीवरच म्हनतात ना."

"कोन म्हनतात?"

दामिनीचं माहेर अकोल्याकडचं. वडलांचं खंजिरी भजनाचं मंडळ होतं. सहा वर्षांची असल्यापासून ती मागच्या रांगेत बसून टाळी देत आली होती. तिथं टाळी पडली की एक. तिनं आयुष्यात दुसरं कुठून मोजलंच नव्हतं.

"भजन बसून असते," खुशालराव म्हणाले. ते स्वतःला ऐकू येईल एवढ्या, म्हणजे फार मोठ्या आवाजात बोलत होते. "हे लोकं उभे आहेत. पाय धुमवर पडते. टायी मागून येते. तू नवं गानं टायीवर सोडते, त्याची धुम याच्या टायीवर जाऊन बसते. मधात जागाच राहत नाई. मानसानं पाय ठेवाव कुठं?"

"पन मशीन तं म्हनते बरोबर आहे."

"मशीन चाल सांगते. पयला ठोका कोनता, हे त्याले काय माईत? हात ठेव इथं."

तिनं तळवा त्यांच्या तळव्याशेजारी ठेवला. लाकूड आतून ढकलत होतं. धुम. मग रिकामं. धुम. मग रिकामं.

"हात खाली घे आता. मांडीखाली दाबून बस."

"काहून?"

"हात मोकया राह्यला का टायी मारशीन. टाच मार. टाचेनं मोज."

ती दोन्ही हात मांड्यांखाली दाबून लोखंडी खुर्चीवर बसली आणि टाचेनं मोजायला लागली. चार मिनिटांत चुकली. पुन्हा सुरू केलं. खुशालराव समोर उभे, तळवा बॉक्सवर, ती चुकली की नुसती मान हलवायचे. कान गेलेला माणूस आपल्याला ऐकायला शिकवतोय, हे तिच्या मनात एकदा आलं आणि तेवढ्यात टाच पुन्हा चुकली. त्या दिवशी तिनं गाणं जोडलंच नाही. संध्याकाळपर्यंत नुसती टाच. भाकरी थापतानाही तिची टाच चुलीसमोर वाजत होती. दुर्गाबाई म्हणाल्या, "पाय आवर वो, पीठ उडून राह्यलं."

सातव्या दिवशी जोड लागायला लागली. तेव्हा तिनं स्वतःच एक नियम घातला: सलग दहा. एक जरी फिसकटली तरी पुन्हा एकपासून. विपुलला गाणी निवडायला सांगितली, म्हणजे आपण सोपी निवडणार नाही.

विपुलनं सहावं गाणं संदलचं लावलं. ताशे-ढोलवाल्या पोरांनी एका वरातीत वाजवलेलं, कोणीतरी तिथंच रेकॉर्ड केलेलं. इकडच्या वरातींत लोक ते मागितल्याशिवाय राहत नाहीत. तिनं सिंक दाबलं. आकडा आला, शंभर. जोड लागली आणि पंधरा सेकंदांत सुटून गेली.

"याचा आकडा टिकतच नाई," ती म्हणाली.

"मानसं वाजवून राह्यले ना ते," नत्थुजी म्हणाले. "आंग तापलं का हात जोरात चालते. कोनी पैसे दाखोले का अजून जोरात."

म्हणजे इथं बटण कामाचं नव्हतं. हेडफोन एका कानाला, दुसरा कान उघडा, आणि चकतीवर बोट. संदल पुढं पळालं की चकतीला बोटानं किंचित मागं ओढायचं, मागं पडलं की ढकलायचं. जोर जास्त झाला की गाणं रेकल्यासारखं व्हायचं. तिच्या मधल्या बोटाच्या टोकाला फोड आला, फुटला, त्यावर तिनं चिकटपट्टी लावली. चिकटपट्टीनं चकती नीट कळेना, म्हणून काढून टाकली.

दहाव्या दिवशी दुपारी चार वाजता सलग दहा झाल्या. त्यात दोन संदल होते. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. नत्थुजी फक्त म्हणाले, "कुठी बदललं मले समजलं नाई बावा." तिनं लॅपटॉप बंद केला, हौदावर जाऊन डोक्यावर दोन बादल्या पाणी ओतलं, आणि पुन्हा येऊन बसली. "अजून येकदा," म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी वामनराव आले. बुलेट बाहेर उभी करून ते ओल्या पोत्याच्या अलीकडेच थांबले आणि दोन-तीन गाणी तशीच ऐकली.

"भेटला वाटते मानूस!" ते विपुलला म्हणाले. "हात सफाईचा आहे. कुठचा? नागपूरचा?"

"आतच आहे. या ना."

वामनरावांनी पोतं बाजूला केलं. दामिनीनं हेडफोन काढला, पदर सावरला आणि उठून उभी राहिली. वामनराव तिच्याकडे, मग विपुलकडे, मग परत तिच्याकडे पाहत राहिले.

"हे नाई जमत," ते म्हणाले.

"तुमी आताच म्हनलं ना हात सफाईचा आहे," विपुल म्हणाला.

"हातावर काय बोलून राह्यलो मी? वरातीत शंभर पोट्टे असतेत. अर्धे पेलेले. नवरदेवाचा काका मले म्हनन, बाई नाचवाले आनली का वरातीत? तुमची इज्जत, माही इज्जत." ते खुशालरावांकडे वळले आणि आवाज चढवला. "समजून राह्यलं का खुशालराव?"

"आयकू येते मले," खुशालराव म्हणाले.

दुर्गाबाई म्हणाल्या, "नऊ दिवस माही सून या भट्टीत बसली. तवा कोनी आलं नाई इज्जत घेऊन."

वामनरावांनी मग तोड काढली. गाडीच्या वर, बॉक्ससमोर विपुल उभा राहील. उंच आहे, शोभतो. चष्मा घालायचा, हात वर करायचा. दामिनी मागं, बॉक्स आणि जनरेटरच्या मधे कंट्रोलर घेऊन बसेल. पुढून शाल बांधायची. कोणाला कळायचं कारण नाही.

विपुलचं तोंड पडलं. "म्हंजे मी नुसता नाटक करू?"

"वाजलं पाह्यजे ना?" दामिनी म्हणाली. "वाजन. बसते मी मागं."

सावरखेडची वरात बारा तारखेला पाचला निघाली. ऊन तिरपं झालं होतं पण डांबर अजून मऊ होतं. पिकअप बैलासारखी हळूहळू चालत होती, नत्थुजींनी पहिला गिअर सोडलाच नव्हता. खुशालराव गाडीच्या कडेनं पायी चालत होते. मागच्या बाजूला जनरेटरची गरम हवा थेट दामिनीच्या पाठीवर येत होती. समोर जांभळी शाल. शालीतून तिला उजेड दिसत होता आणि हलणारे डाग.

निघायच्या आधी एक गोष्ट झाली होती. वामनरावांनी वर पाहून विपुलला म्हटलं, "हेडफोन घाल गा गळ्यात. बिना हेडफोनचा डीजे कोनी पाह्यला का?" विपुलनं वाकून शालीमागून हेडफोन मागितला. दामिनीनं दिला. एकच होता. अकरा दिवसांत दोन लागतील हे कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

पाऊण तास तसाच निघाला. तयार रिमिक्स होते, आकडा टिकणारे. तिनं पडद्यावरच्या खुणा पाहून, पहिली धुम डोळ्यानं शोधून, सिंक दाबून जोड लावल्या. पुढचं गाणं ऐकू न येता सोडायचं, म्हणजे अंधाऱ्या जिन्यावर पाय टाकल्यासारखं. पण पायरी सापडत होती. वर विपुल हात उंचावत होता, चुकीच्या ठोक्यावर.

चौकात वरात थांबली. नवरदेवाचे मित्र गाडीला येऊन भिडले. "संदल! ओ डीजे भाऊ, संदल लावा!" विपुलनं अंगठा दाखवला आणि टाचेनं पत्र्यावर दोनदा ठोकलं. तीच त्यांची खूण ठरली होती.

दामिनीनं संदल लावलं. हेडफोन नव्हता. खुणांकडे पाहत तिनं ते आत घेतलं आणि पहिल्या दहा सेकंदांत तिला कळलं की पळतंय. बोट चकतीवर गेलं, पण कोणतं गाणं पुढं आहे हे आठ बेसच्या गदारोळात उमगेना. तिनं ओढलं. ढकलायला पाहिजे होतं. दोन्ही गाणी कोसळली.

बाहेरचा आवाज बदलला. शालीवरचे डाग हलायचे थांबले.

"अबे काय वाजोते बे!"

"ओ चष्मा! झोपला का वर?"

"वरात आहे का तेरवी?"

नवरदेवाचा काका घामेजलेला पुढं आला. "वामनराव! हा कुठचा पकडून आनला तुमी?" वामनराव गर्दीतून वाट काढत येत होते. विपुल वर उभा, दोन्ही हात अर्धवट वर, कानावर हेडफोन. त्यात काहीच वाजत नव्हतं.

"अहो!" दामिनीनं हाक मारली. "हेडफोन द्या!" बॉक्सच्या आवाजात त्याला ऐकू गेलं नाही. तिनं त्याची पँट ओढली. त्याला वाटलं, गाणं बदलतेय. त्यानं अंगठा दाखवला.

तिनं संदल बंद केलं, जुनं गाणं तेवढं चालू ठेवलं. मग शालीची गाठ सोडायला गेली. घामानं गाठ आवळली होती. तिनं शाल खेचली. एका बाजूचा खिळा निघाला आणि शाल खाली रस्त्यावर पडली. दामिनी बॉक्सला धरून उभी राहिली आणि विपुलच्या डोक्यावरून दोन्ही हातांनी हेडफोन काढून घेतला.

क्षणभर सगळे वर पाहत राहिले. मग हसू फुटलं.

"अबे, डीजेवाली निंघाली बे!"

"भाऊ पुतळा होता काय?"

कोणी शिटी मारली. काका वामनरावांकडे वळून काहीतरी विचारत होता. दामिनीनं तिकडं पाहिलं नाही. हेडफोनची एक बाजू उजव्या कानावर दाबली, डावा उघडा. पडद्यावर ऊन पडून काही दिसत नव्हतं. "टावेल धरा," ती विपुलला म्हणाली. विपुलनं गळ्यातला टॉवेल दोन्ही हातांत ताणून पडद्यावर सावली धरली. चष्मा काढून खिशात ठेवला.

आता तिला रस्ता दिसत होता. शंभरेक माणसं, धुळीनं भरलेल्या चपला, बूट, एक अनवाणी. निम्मे जुन्या गाण्यावर अर्धवट हलत होते, ठोका त्यांच्या पायात अजून होता. तिनं तो पायांतून उचलला. टाच पत्र्यावर पडायला लागली. हेडफोनमधे संदलचे ढोल पुढं पळाले, तिनं बोट टेकवलं, सोडलं, टेकवलं, सोडलं. एकदा दोन्ही धुम एकाच जागी पडल्या. दुसऱ्यांदा पडल्या. तिसऱ्यांदा. तिनं घाई केली नाही. चार वेळा मोजलं आणि मग संदल वर आणायला लागली, केसभर, केसभर.

समोरच्या अनवाणी माणसाचा पाय वर गेला आणि खाली आला. बरोबर आला.

पूर्ण संदल आठ मिनिटं वाजलं. वाजवणाऱ्या पोरांचं अंग त्या रेकॉर्डिंगमधे पुन्हा तापलं, चाल वाढली. तिनं तिसरं गाणं त्याच्यात सोडलं तेव्हा ते हातानं पळवत त्या चालीला नेलं. शिट्ट्या अजून चालू होत्या, पण आता त्या नाचणाऱ्यांच्या होत्या. काका नाचत होता. वरातीतल्या बायांमधली एक म्हातारी गाडीजवळ आली, मान वर करून दामिनीला काहीतरी म्हणाली. ऐकू आलं नाही. म्हातारीनं पाण्याची बाटली वर धरली. विपुलनं ती घेतली आणि दामिनीच्या तोंडाला लावली, कारण तिचे दोन्ही हात अडकले होते.

मंडपाच्या दाराशी तिनं आवाज कमी करत शून्यावर आणला. आत मंगलाष्टकं सुरू झाली. नत्थुजींनी जनरेटर बंद केला आणि अचानक इतकी शांतता झाली की सगळ्यांच्या कानांत शीळ वाजायला लागली. दामिनी खाली उतरली. पायांना मुंग्या आल्या होत्या, ती गाडीच्या चाकाला टेकून बसली.

वामनराव आले. हातात धूळ झटकलेली शाल होती. ती त्यांनी पिकअपच्या कडेवर टाकली. थोडा वेळ मंडपाकडे पाहत उभे राहिले.

"काका म्हने, आधी सांगितलं असतं तं बरं झालं असतं," ते म्हणाले.

विपुल वायर गुंडाळत होता.

"वीस तारखेले कौंडण्यपूरकडचे पाव्हणे आहेत. जुन्या वळणाचे लोकं. त्याहीले सांगू का नाई, बाई आहे म्हनून? का पुन्हा शाल लावता?"

"शाल नाई," दामिनी म्हणाली. "शालीतून मले पाय दिसत नाई. पाय नाई दिसले तं जोड चुकते. तुमी पाह्यलं ना."

वामनरावांनी खुशालरावांकडे पाहिलं. खुशालराव त्यांच्याकडे उजवा कान करून उभे होते. वामनरावांनी फोन काढला. दहा पावलं लांब गेले, मग काय वाटलं कोण जाणे, परत येऊन तिच्यासमोरच उभे राहिले.

"हाव, वामन बोलून राह्यलो... साउंडचं पक्कं झालं. येक सांगाचं होतं. वाजवनारी बाई आहे... नाई नाई, बाई. घरची आहे, सोबत सगये राहतेत... हाव, उभी राहून वाजोते, सगयाहीच्या समोर... नाई तं दुसरा साउंड पाहा तुमी, मी काय म्हनू?" बराच वेळ ते नुसते ऐकत होते. कपाळावरचा घाम पुसत होते. मग फोन छातीशी दाबून त्यांनी दामिनीकडे पाहिलं.

"ते विचारून राह्यले, तुह्यं पान कुठं वाढाचं? बायांच्या पंगतीत का डीजेवाल्याहीच्या मागच्या पंगतीत?"

दामिनी चाकाचा आधार घेऊन उठली.

"कुठंबी वाढा म्हना. पन वरातीच्या आधी वाढा. उपाशी पोटी हात थरथरते."

वामनरावांनी फोन पुन्हा कानाला लावला आणि तिचं बोलणं जसंच्या तसं तिकडं सांगितलं.